घरात माणसं आहेत

‘आपल्याकडं घरात माणसं आहेत हो. तिकडं एकेकटे राहतात, मग व्हायचंच असं.’ साताऱ्यात मानसिक आजाराचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. पोवई नाक्यावर चहा पिताना ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. एकदा तर मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत आम्ही बसलो होतो, तिथेही ऐकलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात भरपूर माणसं होती, पण कुणी हरकत घेतली नाही. या वाक्याशी वाद घालणं अवघडच आहे, कारण त्याच्या पाठीशी चक्क जागतिक आरोग्य संघटना उभी आहे.

१९६७ साली या संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-संशयांच्या गंभीर मानसिक आजाराच्या, रुग्णांची पाहणी सुरू केली. लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन, प्राग अशी बडी शहरं आणि त्यांच्या जोडीला नायजेरियातलं इबादान, कोलंबियातलं काली आणि आपलं आग्रा. जिकडे डॉक्टर जास्त, औषधं जास्त, तिकडचे रुग्ण जास्त बरे होतील असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटं. पुढच्या काही वर्षांत आग्रा आणि इबादानचे रुग्ण पाश्चात्त्य शहरांतल्या रुग्णांपेक्षा बरे निघाले. ही काहीतरी गफलत असेल म्हणून १९७८ पासून दहा देशांत पुन्हा मोठा अभ्यास झाला, त्यात आग्र्याबरोबर चंडीगडही होतं. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. असं का, याचं ठाम उत्तर मात्र त्या आकड्यांत नव्हतं. मग एकत्र कुटुंब, शेतीतलं कुणालाही जमेल असं काम, श्रद्धा, अशी कारणं पुढे आली आणि त्यातलं कुटुंब सगळ्यांना फार आवडलं. ते आपल्याला किती आवडलं असेल, हे सांगायलाच नको.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या ‘घरातल्या माणसां’ची एकदा डोकी मोजावीत.

आमचं गाव मेढ्याच्या पुढे, जावळीत. इथल्या गड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गाठली. आधी गिरणी, मग माथाडी, मग वाशीचा बाजार. घरात माणसं बारा असतील तर त्यातली हाताला येणारी सहा मुंबईत, एक मिलिटरीत. ती गणपतीला आणि गावच्या जत्रेला दिसणार. मागे उरणार म्हातारे, पोरं आणि बायका. म्हाताऱ्यांचं दुखणं बायकांनी काढायचं, पोरं बायकांनी सांभाळायची, आणि मुंबईहून कुणी डोक्यावर परिणाम होऊन परत आलं की तेही त्यांच्याच पदरात.

माझा चुलत दादा असाच आला. मशीद बंदरला ओझी उचलायचा. चोविशीत असताना एकदा सोबतच्या गाववाल्यांनी त्याला एसटीत बसवून आणून सोडलं. ‘रातभर बोलत बसतोय, कुणाशी ते कळत न्हाय,’ एवढाच निरोप. पुढचा रस्ता कुठल्याही घराचा असतो तसाच. देवऋषी झाला, अंगारा झाला, मांढरदेवीला काळूबाईच्या पायऱ्या चढून झाल्या. मग कुणीतरी साताऱ्याचा डॉक्टर सांगितला. या सगळ्यात जी वर्षं गेली ती गेलीच. उपचाराविना आजार जितका लांबतो तितका पुढे बरं होणं जड जातं, हे आता अनेक अभ्यासांनी दाखवलंय. दादाची आई म्हणजे आमच्या काकू, त्यांना हे सांगायची कुणाची छाती नाही. आणि सांगून करायचं काय?

काकूंच्या वाट्याला त्या काळात आणखी एक गोष्ट आली. कुळाचार चुकला, नवस फेडायचा राहिला, पोरगं पोटात असताना गिराण पाळलं नाही, असं सगळं हळूहळू त्यांच्या नावावर जमा झालं. आपलीच माणसं अडाणी म्हणून असं बोलतात, असा माझा समज होता. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नावाजलेल्या मनोविश्लेषक बाईंनी मुलाला स्किझोफ्रेनिया करणाऱ्या आईची कल्पना मांडली होती. थंड, हुकमत गाजवणारी आई, म्हणून मुलगा बिघडला. पुढची कित्येक वर्षं तिकडच्या आया डॉक्टरांच्या खोलीत आरोपी म्हणून बसल्या. देवऋषी बरा, निदान नारळावर भागवतो.

आज त्या कल्पनेत काही राम उरलेला नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ७६ हजारांहून अधिक रुग्णांची जनुकं तपासली गेली आणि या आजाराशी जोडलेल्या जनुकांवरच्या २८७ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर. एवढ्या मोठ्या यादीत नवसाला जागा नाही आणि थंड आईलाही नाही.

पण मधल्या काळात एक फार मजेशीर गोष्ट झाली होती, तिच्यापाशी जरा थांबते. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाचे समाजशास्त्रज्ञ मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्यांचं पुढे काय होतं ते पाहत होते. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेलेले रुग्ण जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. भाड्याच्या खोलीत, घरमालकिणीकडे राहायला गेलेले त्यांच्यापेक्षा बरे राहत होते! यातून घरातलं बोलणं मोजायची एक पद्धतच निघाली. घरच्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची, आणि रुग्णाबद्दल बोलताना ते किती टोचून बोलतात, आवाजात किती राग येतो, त्याच्यात किती गुंतून पडलेत, याचे गुण द्यायचे. गुण जास्त भरले की आजार उलटण्याचा धोका जास्त. पुढे चंडीगडमध्ये एन. एन. विग आणि सहकाऱ्यांनी हीच मोजणी केली, ती १९८७ मध्ये छापून आली. लंडनच्या मानाने आपल्याकडच्या घरांत टोचणं बरंच कमी निघालं. झालं, ‘घरात माणसं आहेत’वर आणखी एक शिक्का बसला.

चंडीगडचा निकाल मला खरा वाटतो. काकूंनी दादाला टोचून बोललेलं मी ऐकलेलं नाही. ‘त्यो काय मुद्दाम करतोय व्हय?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मात्र मुलात गुंतून पडण्याला गुण देणारा कुणी आमच्या गावात आला असता, तर काकूंनी त्याला कागद पुरू दिला नसता. लंडनमध्ये जे जरा अतीच मानलं जातं, ते जावळीत आईपण म्हणूनच ओळखलं जातं.

त्या आईपणात एक बाटली होती. दादा गोळ्या थुंकायचा. मग डॉक्टरांनी थेंब दिले. पाण्यासारखे, ना रंग ना वास ना चव. काकू पहाटे चूल पेटवायच्या, गुळाचा चहा उकळायच्या, आणि दादाच्या पितळीत ओतताना चुलीकडे तोंड करून, पदराआड बाटली धरून थेंब मोजायच्या. ओठ हलायचे. पाहणाऱ्याला वाटावं देवाचं नाव घेतायत. पितळी त्याच्या हातात देऊन त्या समोरच बसून राहायच्या, तळ दिसेपर्यंत. चार महिन्यांत दादाचं रात्रीचं बोलणं थांबलं, तो जेवायला लागला. आणि मग कसं कोण जाणे, त्याला संशय आला. त्याने घरात चहा घेणं बंद केलं. पहाटे उठून फाट्यावरच्या हॉटेलात जायचा आणि तिथे प्यायचा. काकूंनी थेंब आमटीत घातले, तेव्हा आमटी बंद झाली. कोरडी भाकरी आणि मिरची, हे जेवण त्याने कितीतरी दिवस काढलं.

चोरून औषध देणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि मनोविकारतज्ज्ञांमध्ये त्यावर वाद आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा म्हणतो, उपचार माहिती देऊन, संमतीने व्हावेत. बरोबरच आहे. पण हा कायदा ज्या घरात पोचायचा आहे तिथे संमती मागायला रात्री दोन वाजता कोण जाणार? काकूंच्या थेंबांनी दादा पहिल्यांदा शांत झोपला, हे खरं. त्याच थेंबांनी त्याचा घरच्या अन्नावरचा विश्वास गेला, हेही तितकंच खरं. मला यात कुणाच्या बाजूने उभं राहता येत नाही. पुढे महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. ते मात्र दादाला समोर बसवून, विचारून, आणि त्याने ‘बघू’ म्हटल्यावर सुरू केलं. त्याच्या तोंडचा हा ‘बघू’ म्हणजे पक्की संमती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आवाज पूर्ण गेले नाहीत. त्यातला एक आवाज आमच्या आजोबांचा. ते जाऊन जमाना झाला, पण दादाला सांगतात, म्हशी सोड, पाणी दाखव. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि सहकाऱ्यांनी चेन्नई, घानातलं आक्रा आणि कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणी आवाज ऐकणाऱ्या साठ जणांच्या मुलाखती घेतल्या. तो अभ्यास वाचताना मी चरकलेच. अमेरिकन रुग्णांचे आवाज बहुतेक अनोळखी, हिंसक, आणि ते स्वतःच त्यांना आजाराचं लक्षण म्हणायचे. चेन्नईत मात्र अनेकांना नात्यातली माणसं ऐकू येत होती. ती दटावायची, घरकामं सांगायची. काकूंना मी हे सोपं करून सांगितलं, तर म्हणाल्या, ‘मग बरोबरच सांगत्यात की आजोबा. म्हसरं उपाशी ठिवून चालतंय व्हय?’ आजोबांच्या मागून कधीकधी दुसरा आवाज येतो आणि तो दादाला फार घाण शिव्या देतो. तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसतो. त्या आवाजाबद्दल काकूंशी बोलणं होत नाही.

आता साताऱ्याच्या अभ्यासाकडे येते. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. सुदीप्तो चटर्जी पहिले लेखक, आणि बाकीच्या लेखकांत आपल्या साताऱ्याचे मनोविकारतज्ज्ञ हमीद दाभोलकरही आहेत. तमिळनाडूचा कांचीपुरम भाग, गोवा आणि सातारा अशा तीन ठिकाणचे स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण घेतले. ९५ जणांना नेहमीचे दवाखान्यातले उपचार, आणि १८७ जणांना त्या उपचारांबरोबरच घरी येणारं माणूस. हे माणूस म्हणजे डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते. ते घरी येऊन आजार समजावून सांगणार, गोळ्यांचं बघणार, अंगावरच्या दुखण्यांकडे लक्ष देणार, रुग्णाला कामाला लागायला मदत करणार, सरकारी योजनांची वाट दाखवणार.

वर्षभराने मोजलं. आजाराची लक्षणं वीस टक्क्यांहून जास्त कमी झालेले रुग्ण दोन्ही गटांत सारखेच निघाले, ५१ टक्के. म्हणजे घरी माणूस येऊन आजार फार हलला नाही. पण दुसरी एक मोजपट्टी होती, माणूस रोजच्या जगण्यात किती अडतो याची. तिच्यात घरी भेटी मिळालेल्या गटाची अडचण थोडी, पण नक्की कमी झाली. सगळ्यात ठळक फरक पडला तो तमिळनाडूच्या ग्रामीण भागात. जिथे सेवाच नाहीत तिथे अशी योजना आधी न्यावी, असं संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं.

‘माफक परिणाम’ असा निष्कर्ष वाचून मोठी बातमी होत नाही, आणि झालीही नाही. मला मात्र त्या कागदात न दिसणारं कुणीतरी सारखं दिसत होतं. चाचणीत दोन गट पाडतात ते दैवयोगाने, म्हणजे बाकी सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जावं. त्या वाटणीत काकूही सारख्याच वाटल्या गेल्या असणार. इकडच्या गटात काकू, तिकडच्या गटातही काकू. दोन्हीकडे पहाटे चूल, दोन्हीकडे पदराआडची बाटली. पगारी कार्यकर्ता घरी आल्याने किती फरक पडला हे अशा चाचणीतून कळतं. बिनपगारी बाई आधीपासून घरात होती म्हणून दोन्ही गट कुठल्या पातळीवरून सुरू झाले, ते कळायची सोय तिच्यात नाही. हा संशोधकांचा दोष नव्हे. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. काकूंना वजा करून बघा, असा प्रयोग कुणी करूही नये.

त्या रोजच्या अडचणीच्या मोजपट्टीशी आमची गाठ वेगळ्या कामासाठी पडली. दादाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं होतं. मानसिक आजाराला ते मिळतं, आणि टक्केवारी ४० किंवा वर भरली तरच त्याचा उपयोग. डॉक्टर ज्या फूटपट्टीने टक्के काढतात ती तीच, लॅन्सेटच्या चाचणीतली. चार गोष्टी विचारतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम. रोगी समोर बसलेला, शेजारी त्याची आई, आणि पेन उघडून डॉक्टर.

‘आंघोळ स्वतः करतात?’

‘करतो की,’ काकू म्हणाल्या.

करतो. म्हणजे काकू पाणी तापवतात, बादली न्हाणीत नेऊन ठेवतात, कपडे दांडीवर टाकतात, आणि दाराबाहेर उभ्या राहून सांगतात, आता साबण लाव, आता पाठीवर घे, आता बस कर. नाही सांगितलं तर दादा तांब्या हातात धरून पाणी गार होईपर्यंत तसाच बसून राहतो.

‘जेवणखाण?’

‘जेवतो की पोटभर.’

‘कामाला जातात?’

‘म्हसरं त्योच बघतो सगळी.’

मी काकूंना कोपराने ढोसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टक्के तिशीत भरले. बाहेर पॅसेजमध्ये मी जरा चढ्या आवाजात विचारलं, की अहो, खरं का नाही सांगितलं? काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘परक्या मानसाम्होरं पोराला नालायक म्हणू? त्यो ऐकत हुता न्हवं.’

पुढच्या खेपेला बोलायचं काम माझ्याकडे आलं. न्हाणी, तांब्या, गोठा, सगळं सांगितलं. दादा खाली मान घालून ऐकत होता. प्रमाणपत्र मिळालं. परतीच्या एसटीत मेढा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला, मग म्हणाला, ‘लई बोललीस की आज.’

‘घरात माणसं आहेत’ हे वाक्य संशोधनाच्या जगातही आता पहिल्यासारखं निर्धास्त राहिलेलं नाही. २००८ मध्ये अ‍ॅलेक्स कोहेन, विक्रम पटेल, चेन्नईच्या आर. थारा आणि नायजेरियाचे ओये गुरेजे यांनी गरीब आणि मध्यम देशांतले २३ अभ्यास पुन्हा तपासले. आपल्याकडे रुग्ण बरे होतात हे सरसकट धरून चालता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुठे बरे झाले, कुठे नाही. कित्येकांना उपचारच मिळाले नव्हते, काही जण लवकर मेले होते. थारांनी त्याआधी नवऱ्याने टाकलेल्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांवर काम केलं होतं. वेडाच्या शिक्क्यापेक्षा टाकलेली बाई हा शिक्का त्या स्त्रियांना आणि त्यांच्या माहेरच्यांना जास्त बोचत होता. त्यांना बघणारी घरातली माणसं म्हणजे थकलेले आईबाप. दादाच्या जागी आमच्या घरातली एखादी मुलगी असती तर, हा प्रश्न मी काकूंना कधी विचारलेला नाही. विचारायची गरजही नाही. ‘लग्न लावून द्या, सुधारंल’ हा सल्ला दादाच्या बाबतीतही आला होताच, तो काकूंनी उडवून लावला. ‘दुसऱ्याची पोर कशाला आणू ह्यात?’ या एका वाक्यासाठी मी त्यांचे पाय धरायला तयार आहे.

एकूण सत्तर-पंचाहत्तर वर्षांत संशोधनाने या बाईला आधी गुन्हेगार केलं, मग तिचा आवाज मोजला, मग तिला देशाची सांस्कृतिक ठेव म्हणून मिरवलं. तिला झोप किती मिळते, गुडघे कसे आहेत, एक दिवस माहेरी जायचं तर मागे कोण, हे विचारणारे आता आहेत, पण त्यांचे शोधनिबंध उपचारांच्या निबंधांच्या मागल्या पंगतीला बसतात. औषधांच्या बाजूला हालचाल दिसते. २०२४ मध्ये अमेरिकेत एक नवं औषध मंजूर झालं. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या जागा थेट न अडवता काम करणारं. १९५०च्या दशकापासून चालत आलेली वाट सोडणारं, म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. उद्या ते मेढ्याच्या मेडिकलमध्ये आलं तरी सकाळ-संध्याकाळ आठवणीने देणार कोण, हे काही डबीवर लिहिलेलं नसेल.

काकू आता ऐंशीला टेकल्यात. म्हणून मागच्या दिवाळीत, मुंबईची मंडळी घरी असताना, मी विषय काढला. २०१७च्या कायद्यात एक चांगली सोय आहे. आजार बळावला आणि स्वतःला ठरवता आलं नाही तर आपल्या वतीने कुणी बोलायचं, ते माणूस आधीच नेमून ठेवता येतं. साधा कागद, त्यावर लिहायचं, सही किंवा अंगठा. आणि नेमायचं ते आजारी माणसानेच, घरच्यांनी बैठक भरवून नव्हे. मी कागद दादासमोर ठेवला. घरातली सगळी माणसं ओसरीवर होती. थोरला भाऊ मोबाइलमध्ये बघत होता. वहिनी आधीच म्हणाली, ‘माझं नाव घालू नका हां, मला नवी मुंबईतनं यायला जमायचं नाही.’ हे ती आडपडदा न ठेवता बोलली याचं मला बरंच वाटलं.

दादाने बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचं नाव घेतलं.

काकू एकदम उसळल्या, ‘आन मी काय मेले व्हय?’

‘त्येच्या च्यात काय नसतंय,’ दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलवाल्यांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला भजी खायला लावली. म्हणाले, ‘ताई, सही करायला माझं काय जातंय? पण उद्या ह्याला साताऱ्याला न्यायची येळ आली तर हॉटेल कोण बघणार?’ मग जरा थांबून बायकोला हाक मारली आणि विचारलं, ‘तू जाशील का गं?’

तिने आतून, पिठाचे हात तसेच धरून विचारलं, ‘कुठं?’